दार वाजतं ठेवणं

घरातलं दार वाजायला लागलं की लोक तेल शोधतात. आमच्या घरातलं दार वाजेनासं झालं की मी सोडा शोधते. कपडे धुण्याचा सोडा, गरम पाणी, नातवाचा जुना टूथब्रश आणि मिरच्या कुटायचा बत्ता, एवढी माझी हत्यारं. बिजागरीची पिन बत्त्यानं खालून ठोकून वर काढायची, सोड्याच्या पाण्यात घासून तिचं सगळं वंगण घालवायचं, मग मिठाच्या पाण्यात बुडवून ओली असतानाच जागेवर बसवायची. आठवडा जात नाही तोच दार असं गळा काढतं की गल्लीतलं झोपलेलं कुत्रं मान वर करतं. माझ्या वयाच्या बाया माळ ओढतात, लग्नं जुळवतात. मी स्टुलावर चढून चांगली दारं बिघडवते.

असं का, ते सांगायचं तर आमच्या ह्यांच्याबद्दल सांगावं लागेल. आणि ह्यांच्याबद्दल सांगायचं तर या घरात सून म्हणून आले तेव्हा मी किती दीडशहाणी होते, तेही सांगावं लागेल. तेच आधी सांगते. हसायचं तेवढं तिथंच आहे.

आमचं गाव अमडापूरच्या बाजारापासून फार लांब नाही. घर तेव्हा मातीचं होतं. पुढं ओसरी, मागं सैपाकघर आणि मधे कोठीची खोली. कोठीत धान्य, डाळी आणि गुळाची ढेप. ओसरीत सासूबाई सूप घेऊन बसलेल्या. कोठीचं दार जरा हललं की करकरायचं आणि ओसरीतून आवाज यायचा, "काय काढून राह्यली वं?" मी काही काढत नसेच. मी फक्त ढेपेचा कोपरा तोडून तोंडात टाकत असे. पण दार चुगलखोर.

मी माहेरची लाडकी, सातवी पास. या घरात माझ्याएवढं डोकं कोणाला नाही, हे मी लग्नाच्या वरातीतच ठरवून टाकलं होतं. माहेरहून जवसाच्या तेलाची बाटली आणली होती, चटणीवर घ्यायला. एका दुपारी कोंबडीचं पीस त्यात बुडवून मी कोठीच्या बिजागऱ्या चांगल्या न्हाऊ घातल्या. दार एकदम गप्प. इतकी वर्षं हे लोक करकर ऐकत बसले, एकालाही तेल घालायचं सुचलं नाही, म्हणून मला सासरच्यांची दया आली. रोज गूळ खाताना दया यायची.

जवसाचं तेल वाळलं की लाखेसारखं घट्ट धरतं, हे सातवीच्या पुस्तकात नव्हतं. एके दिवशी मी आत गेले, गाल भरले, निघताना दार ओढलं, तर ते अर्ध्यावर येऊन थांबलं. पुढं येईना, मागं जाईना. जोर लावला तर चौकटीतले स्क्रू हलायला लागले. आणि त्या अर्ध्या उघड्या दारातून समोर थेट सासूबाई. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"दार सोड, माय," त्या म्हणाल्या. "आधी तोंडातलं गीळ, नाही तं ठसका लागन."

हे शेतातून आले तेव्हा मी तिथंच उभी. मोठ्यांसमोर आम्ही एकमेकांशी बोलतही नव्हतो तेव्हा. ह्यांनी हातोडीनं पिन काढली, नाकाशी नेली, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "जवस?" मी मान हलवली. तेव्हा ह्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पिन पुसता पुसता अगदी हळू म्हणाले, "चोरी करायची तं धड तं करायची."

धड कशी करायची ते मग ह्यांनीच शिकवलं. बैलगाडीच्या आसाला द्यायचं वंगण तेव्हा घरीच व्हायचं. एरंडीचं तेल, त्यात जाळलेल्या चिंध्यांची राख. ते बांबूच्या नळीत भरून गाडीखाली टांगलेलं असे. दारासाठी ह्यांची वेगळी नळी होती. तिच्यात राखेऐवजी कंदिलाच्या काचेवरची काजळी, कारण राख जाड पडते. पिन पूर्ण बाहेर काढायची, चुलीच्या निखाऱ्यावर धरून तिच्यावरचं जुनं तेल जाळायचं, गार झाली की पुसायची, मग बोटानं वंगण चोळून परत बसवायची. वरून तेलाचे थेंब सोडणाऱ्यांचा ह्यांना राग. "वरून तेल सोडणं म्हणजे ताप माणसाले अन् औषध त्याच्या शर्टाले," म्हणायचे. शेवटी एका बोटानं दार ढकलून बघायचं. बोटभर जोरानं उघडलं आणि आवाज नाही, तर काम झालं.

पुढं बैलगाडी गेली, ट्रॅक्टर आला, मातीच्या भिंती पडून विटांच्या झाल्या. काजळीची नळी मात्र सैपाकघरात खिळ्याला लटकत राहिली. गल्लीत कोणाचंही दार करकरलं की ह्यांनाच हाक येई. शेतकरी माणूस, पण दाराच्या कामाला गेले की अंगात वेगळीच ऐट. चहा घेतल्याशिवाय परत यायचे नाहीत.

हसायचं संपलं.

ह्यांना विसर पडायला लागला, तो आधी कोणाच्या लक्षात आला नाही. माणूस बोलायला कमीच. चष्मा हरवणं, पाण्याची मोटर चालू राहणं, हे तर सगळ्यांचंच होतं. मग एका पावसाळ्यात हे निंदायला गेले आणि तास दोन तासांनी पोरगा बघायला गेला, तर ह्यांनी तण तसंच ठेवून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, रोपं उपटली होती. ओळीच्या ओळी. उपटलेली रोपं बांधावर नीट जुड्या करून ठेवलेली. पोरगा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. त्यानं ह्यांच्या हातातलं खुरपं हळूच काढून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, उन्ह झालं, घरी चला." त्या दिवसानंतर खुरपं परत ह्यांच्या हातात दिलं नाही.

बुलढाण्याच्या डॉक्टरनं फोटो काढला, मेंदू सुकत चालला म्हणाला. औषध आहे, पण ते थांबवायचं नाही, सावकाश करायचं आहे, असं सांगितलं. मला त्याचं फार काही कळलं नाही. मला कळत होतं ते एवढंच, की सकाळी उठून हे पायात चपला घालून ओसरीत बसतात आणि विचारतात, "आज काय काम हाय?" दुपारपर्यंत चपला पायातच. जेवण अर्धं. कोणी काही मागू नये म्हणून माणूस जसा कोपऱ्यात बसतो, तसे बसायला लागले. आयुष्यभर ज्याला कामाला जाताना पाहिलं, त्याला पाहुण्यासारखं बसलेलं बघवत नाही. पाहुणा निदान उठून जातो तरी.

असंच एकदा सुनेनं सैपाकघराचं मागचं दार लोटलं आणि ते करकरलं. हे उठले. कोणी सांगितलं नाही, बोलावलं नाही. सरळ नळी काढली, हातोडी आणली, पिन काढली. चूल आता नाही, तर गॅसच्या बर्नरवर चिमट्यात धरून तापवली. सून घाबरून "आत्याबाई, बघा ना" म्हणाली. मी तिला हातानंच थांबवलं. पुसलं, काजळी चोळली, बसवली, एका बोटानं ढकललं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक गोष्ट चुकली नाही. नातवाचं नाव ज्यांना आठवत नव्हतं, त्यांच्या बोटांना सगळं आठवत होतं. त्या दिवशी ह्यांनी पोटभर भाकर खाल्ली आणि चपला काढून झोपले.

पण पंचाईत अशी, की ह्यांनी केलेलं काम वर्षभर उतरत नाही. मी महिनाभर वाट पाहिली, दार काही वाजेना. म्हणून मग सोडा.

हे दाढी करायला बाहेर गेले की मी स्टुलावर. आज कोठीचं दार, पुढं न्हाणीचं, मग मधलं. एकाच दाराला दरवेळी दुखणं आणलं तर बरं दिसत नाही, एवढी अक्कल मला गूळ खाण्याच्या काळात नव्हती, आता आली. दार वाजलं की हे म्हणायचे, "काऊन वाजून राह्यलं हे? परवाच तं केलं." मी म्हणायची, "तुमचं परवा म्हणजे दिवाळी असन." हे वाद घालत नसत. उठत. मला तेवढंच पाहिजे होतं.

शेजारी मुसलमानाचं घर आहे. लोखंडी फाटकं आणि खिडक्या करायचं त्यांचं वर्कशॉप. त्या घरची भाभी माझ्याहून लहान, मला काकी म्हणते. एकदा ती दही मागायला मागच्या दारानं आली आणि मला स्टुलावर बत्ता घेऊन उभी असलेली पाहिली.

"काकी, ये क्या? पडाल ना."

"दार बिघडवून राह्यली."

"सुधरवून राह्यली म्हणा."

"बिघडवून," मी म्हटलं, आणि तिच्या हातात पिन दिली. मग सांगितलं का ते.

भाभी पिन बघत राहिली. मग म्हणाली, "आमचं फाटक बी घ्या मग. घरात सगळे लोखंडवाले, पण आपल्या फाटकाले तेल द्यायले एकाले टाइम नाही. बिघडवायची बी गरज नाही. काकाले पाठवा, चहा मी पाजीन."

तसं हे भाभीच्या घरी जायला लागले. नळी खांद्याला लावून, टोपी सारखी करून. वर्कशॉपातली माणसं हात जोडून "या काका" म्हणायची आणि आपल्याच बनवलेल्या फाटकापासून लांब उभी राहायची. हे परत यायचे तेव्हा चालणंच वेगळं असायचं.

मग पोरगा नव्या बिजागऱ्यांचा खोका घेऊन आला. ह्यांना स्टुलावर डगमगताना त्यानं पाहिलं होतं. "आई, हे बेअरिंगचे कब्जे हायेत. जन्मभर वाजत नाहीत. बाबा पडले अन् खुबा मोडला तं काय करतीन?"

"वाजत नाहीत तं मले नकोत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

सांगावं लागलं. तो ऐकत होता आणि खोक्यावरची चिकटपट्टी नखानं काढत होता.

"म्हणजे तूच वाजवते?"

"हो."

"अन् मी म्हणतो, आपल्याच घरचे दारं काऊन एवढे रडतात." तो हसला. मग नळावर गेला आणि तोंड धूत राहिला, फार वेळ. चेहरा पुसत आला तेव्हा म्हणाला, "बाबाच्या हातातलं खुरपं मीच काढलं होतं."

"दुसरं काय केलं असतं तू?"

त्यानं खोका उघडला. संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्या दारांना नवे कब्जे बसवले. फक्त सैपाकघराच्या मागच्या दाराला वरचे दोन नवे आणि खालचा जुनाच ठेवला. "हा बाबाचा," म्हणाला. "खाली बसूनच करता येते. स्टूल नाही लागत." स्टूल तो शेतातल्या खोलीवर घेऊन गेला. मीही चढू नये म्हणून, हे मला समजलं.

त्या एका खालच्या बिजागरीवर आमचं बरेच दिवस चाललं. मी खाली बसून बिघडवायची, हे खाली बसून दुरुस्त करायचे. मधेमधे एखादी गोष्ट सुटायला लागली. पिन तापवायची राहायची. कधी वंगण लावून परत पुसून टाकायचे. मी मागून जाऊन नीट करत असे. म्हणजे बिघडवणंही माझं आणि सुधारणंही माझं, मधे ह्यांचे हात.

गेल्या थंडीतली गोष्ट. सकाळी मागच्या दारात उन्ह येतं, तिथं पोतं टाकून हे बसले होते. दार वाजलं होतं, पिन ह्यांनी काढली होती. मी भांडी घासत होते. बराच वेळ हातोडीचा आवाज आला नाही म्हणून वळून पाहिलं, तर हे पिन तळहातावर घेऊन बसलेले.

"बाई," ते म्हणाले, "हे तुमचं हाय का?"

मला वाटलं चेष्टा करतात. मग ह्यांचा चेहरा पाहिला. गळ्याशी शर्टाचं बटण लावलेलं, पाय जवळ घेतलेले. दुसऱ्याच्या घरी बसतात तसे बसले होते.

"हो, माहीच आहे," मी म्हटलं.

"तुमचे मालक घरी नाहीत का?"

"आहेत."

"मग त्यांले सांगा. मोठं काम नाही हे."

"त्यांले येते. त्यांच्यासारखं कोणालेच येत नाही."

"मग माह्याजवळ काऊन दिलं?" रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं विचारलं. पिन बोटांत फिरवली. "मले बी येत होतं वाटते," ते म्हणाले. "आता ध्यानात नाही."

मी हात पदराला पुसले आणि ह्यांच्या शेजारी खाली बसले. पिन घेतली. आत गॅसवर तापवून आणली, पुसली, काजळी चोळली, बसवली. हे बघत होते. मधे एकदा माझा हात थांबला, कारण मला दिसेनासं झालं होतं. ह्यांना वाटलं माझं अडलं. म्हणाले, "घाई नका करू." शेवटी मी विचारलं, "बरोबर झालं का?" ह्यांनी एका बोटानं दार ढकललं. दार गेलं, आवाज आला नाही.

"हाव," म्हणाले, आणि उठले. "येतो मी. घरी मंडळी वाट पाह्यत असन."

इथं तुमचंच घर आहे, असं म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण परक्या घरात अडवून धरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला असता, आणि तसा चेहरा मी मघाशीच पाहिला होता. म्हणून म्हटलं, "चला, मले बी तिकडंच जायचं हाय."

मागच्या दारानं आम्ही निघालो. हे पुढं, मी दोन पावलं मागं, बाई माणूस परक्यासोबत चालते तशी. गल्लीनं वळसा घेतला. भाभी फाटकात उभी होती. काही विचारणार होती, पण माझ्याकडं पाहून तिनं फाटक आणखी उघडून धरलं आणि "सलाम, काका" म्हणाली. ह्यांनी हात वर केला. आमच्या घराचा पुढचा ओटा आला तशा ह्यांनी चपला काढल्या, आत जाऊन आपल्या जागेवर बसले. मी मागून गेले, पाण्याचा गडवा दिला. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"कुठं गेल्ती वं?"

"इथंच होते."

"मी एका बाईच्या घरी गेल्तो. दार वाजत होतं तिचं."

"मग? केलं का?"

"तिनंच बसवलं. मी पाह्यलं फक्त." पाणी प्यायले. "मालक हाय म्हणते. मले तं काही दिसला नाही घरात."

बोलायला काही सुचेनासं झालं की मी वात्रटपणा करते, ही माझी जुनीच खोड. "दिसायले कशी होती?" मी विचारलं.

"म्हातारी हाय," ते म्हणाले. "एकटी हाय. रडत होती मधे, पण मी काही विचारलं नाही." गडवा खाली ठेवला आणि बोट एकदा हवेतच ढकललं, दार ढकलतात तसं. "उद्या एकडाव जाऊन पाह्यतो. नवी बसवलेली पिन कधीकधी वर सरकते. कोणाले सांगन बिचारी."

"जा," मी म्हटलं. "सकाळीच जा."

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ह्यांनी टोपी सारखी केली. मी भाभीला भिंतीवरून हाक मारून सांगून ठेवलं होतं, गल्लीत लक्ष ठेव म्हणून. हे ओट्यावरून उतरले. ते वळसा घालून येईपर्यंत मी घरातून पळत मागच्या दाराशी गेले, गुडघे कुरकुरत होते तरी. लुगड्याचा पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला आणि मालक घरी नसलेली एकटी बाई जशी उभी राहील, तशी चौकटीला धरून उभी राहिले.

"या," मी म्हटलं. "तुमचीच वाट पाह्यत होती."